पाठ कोण पाहतं?

ऊर्जानगरच्या वसाहतीत संध्याकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त मंडळींचे बोलण्याचे विषय दोन. बिबट्या परवा कुठे दिसला, आणि आता पुढे राहायचं कुठे. पहिल्या प्रश्नावर वनविभाग पिंजरा लावतो. दुसऱ्यासाठी तसं कुणी येत नाही.

ही वसाहत ज्याची, ते चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र १९८० च्या दशकात उभं राहिलं. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ते उभं करायला आणि चालवायला विदर्भातून, मराठवाड्यातून, आंध्रातून जी पोरं आली, ती आता सत्तरीकडे झुकली आहेत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. कुणी तुकूमला घर बांधलं, कुणी दुर्गापूरला. मुलं पुण्याला, हैदराबादला, काही त्याहून लांब. वीज मंडळातल्या नोकरीला सरकारी खात्यासारखी पेन्शन नव्हती. भविष्य निर्वाह निधी आणि १९९५ च्या योजनेचं निवृत्तिवेतन एवढंच हाती येतं. त्या योजनेतली किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. तेव्हा दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला की ‘चांगला वृद्धाश्रम कुठला?’ हा प्रश्न गप्पांपुरता राहत नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधायची आपली पद्धत ठरलेली आहे. रविवारी अकरा वाजता मुलगा, सून आणि एखादे काका गाडी करून जातात. इमारत पाहतात, देऊळ पाहतात, बाग पाहतात. स्वयंपाकघरात डोकावतात. व्यवस्थापक चहा देतात, कोपऱ्यात भजन चाललेलं असतं. परत येताना गाडीत निकाल लागतो: ‘स्वच्छ आहे, माणसं चांगली वाटली.’ स्वच्छता खोटी नसते, माणसंही चांगली असतात. पण जिची सेवा व्हायची ती आजी त्या वेळी आतल्या खोलीत उताणी झोपलेली असते. तिची पाठ कुणी पाहिलेली नसते.

शुश्रूषेचा दर्जा ठरवायचा म्हणजे काय पाहायचं, काय मोजायचं आणि ते कुणी मोजायचं, याचा हा आढावा.

दोन कायद्यांच्या मधली खाट

आधी शब्दांचा घोळ. पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणजे परावलंबी म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवून त्यांची शुश्रूषा करणारी संस्था. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की खाली औषधाचं दुकान आणि वर बाळंतपणाच्या खाटा असा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. म्हाताऱ्यांसाठी आपल्याकडे शब्द आहे वृद्धाश्रम. त्यातला आश्रम हा शब्दच असा आहे की तिथे हिशेब मागायला जीभ रेटत नाही.

कायद्यांतही हीच फाळणी आहे. खासगी दवाखान्यांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागतो. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलताही आहे. म्हणजे जिथे पंगू, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा या व्याख्येत बसू शकते. व्यवहारात मात्र वृद्धाश्रमांकडे या नजरेनं पाहिलं जात नाही. ते संस्था किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदले जातात. धर्मादाय आयुक्तांकडे त्यांचे हिशेब जातात आणि अनुदान असेल तर समाजकल्याण खातं पाहणी करतं.

राज्याची वृद्धाश्रम योजना १९६३ ची. त्यानंतर १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. चंद्रपूरकरांना बल्लारपूरच्या वाटेवरचा भिवकुंडचा मातोश्री वृद्धाश्रम आणि देवाड्याची डेबू सावली ही नावं परिचयाची आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनाची गोष्ट वेगळी. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी ते सुरू केलं. बरे झाल्यावरही ज्यांना घरच्यांनी परत नेलं नाही अशी कितीतरी माणसं तिथेच म्हातारी झाली. वृद्धांची शुश्रूषा तिथल्या रोजच्या जगण्यातच आली.

केंद्राचा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा २००७ चा. मुलांकडून पोटगी मिळवून देणारा कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या १९ व्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारनं उभारावा, असं म्हटलं आहे. ‘उभारू शकेल’ अशी त्याची भाषा, त्यामुळे बंधन सैल. २०१८ मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितलं. म्हणजे कायदा होऊन ११ वर्षं झाली तरी आश्रम किती आहेत याचीच मोजदाद व्हायची होती, दर्जा तर पुढचा. आश्रमांसाठी किमान दर्जाची अट घालणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच राहिलं.

एकूण काय, न्यासाचे हिशेब एक कार्यालय पाहतं, खाटांची संख्या दुसरं पाहतं. आजीची पाठ कुणाच्याच खात्यात येत नाही.

साधनं, रीत आणि परिणाम

दर्जा मोजायचा कसा, याची जगभर वापरली जाणारी मांडणी अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये केली. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: साधनं काय आहेत, काम कोणत्या रीतीनं होतं आणि त्यातून माणसाला काय मिळतं. इमारत, खाटा, कर्मचारी ही साधनं. कूस बदलणं, भरवणं, औषध देणं ही रीत. जखम झाली का, वजन टिकलं का, माणूस स्वतः उठून बसतो का, हा परिणाम.

रविवारच्या भेटीत आपण साधनं पाहतो. सरकारी पाहणीही बहुतेक साधनांचीच असते, कारण ती भिंतीपाशी उभं राहून दिसतात. रीत दिसायला तिथे थांबावं लागतं. परिणाम दिसायला पूर्वीची नोंद लागते. दहा वर्षांपूर्वी रंगवलेल्या इमारतीतली सेवा उत्तम असू शकते आणि संगमरवरी फरशीवरच्या आजोबांचे ओठ पाण्यावाचून फुटलेले असू शकतात.

परिणाम सांगणाऱ्या गोष्टी फार नाहीत, आणि मोजायला डॉक्टर लागत नाही.

पहिली पाठ. बेडसोर हा म्हातारपणाचा आजार नाही. हाडाखालचं कातडं तासन्‌तास दाबलं गेलं, रक्त पोहोचलं नाही, ओल राहिली की ते मरतं. माकडहाड, खुबा आणि टाच या त्याच्या ठरलेल्या जागा. काही जखमा उत्तम काळजी घेऊनही होतात. पण एखाद्या आश्रमात दर महिन्याला नवी जखम निघत असेल तर तिथे रात्री कूस बदलली जात नाही असं धरून चालावं. पुस्तकं सांगतात की पहिली खूण म्हणजे दाबूनही न जाणारा लालसरपणा. ती गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेली आहे. सावळ्या पाठीवर लाली दिसत नाही. तिथे हात फिरवून पाहावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का.

दुसरं वजन. अमेरिकेतल्या नोंदपद्धतीत महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं की धोक्याची खूण मानतात. साठ किलोच्या माणसासाठी हे झाले महिन्याला तीन किलो. ताट वाढलं जातं हे सगळे पाहतात, ताट उचललं जाताना त्यात किती उरलं ते कुणी पाहत नाही. कवळी सैल झालेल्या आजोबांपुढे भाकरी ठेवली आणि अर्ध्या तासानं उचलली, तर नोंदवहीत ‘जेवण दिले’ असंच येतं. त्यांना तांदळाची पेज हवी होती, ते वजनकाटाच सांगतो.

तिसरं पडणं. इथे आकडा फसवतो. जिथे कुणीच पडत नाही तो आश्रम सर्वांत चांगला असं वाटेल. पण माणसं खाटेला बांधून ठेवली किंवा गोळ्यांनी गुंगवली तरी कुणी पडत नाही. म्हणून पडण्याचा आकडा एकटा वाचायचा नाही. किती जणांना बांधलं, किती जणांना झोपेची किंवा मेंदू शांत करणारी गोळी चालू आहे आणि किती जण दिवसातून एकदा तरी खाटेवरून उतरतात, हे शेजारी ठेवून वाचायचा.

चौथी, ती गोळीच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात त्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे लोक संध्याकाळी उठून चालू लागतात, घरी जायचं म्हणतात. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या बाजूला ही बाब हसण्यावारी नेण्याची नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत याच परिसरात वाघ-बिबट्यांनी माणसं मारली आहेत. म्हणून कुलूप लावलं जातं, नाहीतर गोळी दिली जाते. चांगल्या आश्रमात तिसरी वाट असते: कुंपणाच्या आतला चालण्याचा गोल रस्ता आणि सोबत चालणारं एक माणूस.

रात्रपाळीचं गणित

ते एक माणूस आहे का, हा खरा प्रश्न. एक हिशेब मांडून पाहू. आश्रमात तीस जण आहेत, त्यातले दहा अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची असा जुना दंडक आहे. कूस बदलणं, ओलं कापड काढणं, अंग पुसणं, टाचेखाली उशी देणं, याला माणसामागे सहा मिनिटं धरू. दहा जणांचा झाला एक तास. म्हणजे दर दोन तासांतला एक तास याच कामात जाणार आणि त्याला दोन माणसं लागणार, कारण एकटीनं ओढलं तर कातडं सोलतं आणि मावशींची कंबरही जाते. आता हजेरीपट पाहा. रात्री एकच मावशी असतील तर कूस बदलत नाहीत हे पाठ न पाहताही कळलं. मावशी कितीही प्रेमळ असोत, गणित त्यांच्या बाजूनं नाही.

म्हणून आश्रमात विचारायचा पहिला प्रश्न असा: रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात? दुसरा: त्यातली वर्षापूर्वीही इथेच असलेली किती? दर तीन महिन्यांनी मावशी बदलत असतील तर आजींना डाव्या कानानं ऐकू येत नाही, आजोबा गोळी गालात धरून ठेवतात, हे प्रत्येक वेळी नव्यानं शिकावं लागतं. तिसरा प्रश्न अवघड आहे, पण विचारायलाच हवा: मावशींना पगार किती आणि तो कधी होतो? बहुतेक ठिकाणी हे काम करणाऱ्या बायकांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलेलं नसतं. शिकवलं तर त्या शिकतात. पण त्यासाठी त्यांना टिकवावं लागतं.

टिक करणारा पेन

परिणाम मोजायचे तर नोंदी हव्यात, आणि नोंदी म्हटलं की खोट्या नोंदी आल्या. महिनाभर सगळ्यांचा रक्तदाब १२०/८०. कूस बदलल्याच्या रकान्यात एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या खुणा, शनिवारी बसून आठवडाभराच्या केलेल्या.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे शुश्रूषागृहांची दुरवस्था गाजल्यावर १९८७ मध्ये सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाचं ठरावीक नमुन्यात मूल्यमापन सुरू झालं आणि २००८ पासून संस्थांना एक ते पाच तारे देण्यात येऊ लागले. तारे तीन गोष्टींवर: अचानक तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रमाण आणि परिणामांचे आकडे. यातल्या तपासण्या बाहेरचे करत, बाकीचं संस्था स्वतः कळवत. स्वतः कळवलेल्या रकान्यांत तारे भराभर वाढले. मग २०१६ पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून घेऊ लागले. गोळ्यांचंही तसंच झालं. गुंगीची औषधं किती जणांना देता ते जाहीर होऊ लागलं, पण छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना त्या मोजणीतून सूट होती. काही ठिकाणी म्हाताऱ्या माणसांच्या कागदावर अचानक तो आजार दिसू लागला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून तपासनीस पाच प्रश्न घेऊन जातात: जागा सुरक्षित आहे का, सेवा परिणामकारक आहे का, माया आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का आणि कारभार नीट आहे का. तिथे मायेलाही रकाना आहे. तो भरायला मात्र तपासनीसाला रहिवाशांजवळ बसावं लागतं.

या सगळ्यावर उपाय शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. तो शेजारच्या गडचिरोलीत सापडला आहे, फक्त आयुष्याच्या दुसऱ्या टोकासाठी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांत आधी जन्म आणि मृत्यू मोजले. गावातलीच बाई आरोग्यदूत झाली. बाळाचा श्वास मोजायला तिच्या हाती मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं साधन दिलं. तिची नोंद दुसऱ्या माणसाच्या घरोघरच्या पाहणीशी ताडून पाहिली जाई. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ३९ गावांतल्या नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं राज्यातले बालमृत्यू सरकारी कागदांवर किती कमी दिसतात ते दाखवलं. मोजणारा जवळचा हवा, साधन साधं हवं आणि नोंद ताडणारा दुसरा हवा, हे त्या कामाचं सार.

पिकल्या पानांसाठी हीच रीत का नको? वजनकाटा, टॉर्च, हात आणि वही. पंधरवड्यातून एकदा बाहेरचं माणूस येतं, न कळवता, वहीतली कुठलीही तीन नावं निवडतं आणि त्या तिघांची पाठ पाहतं, वजन घेतं. वही आणि पाठ जुळली तर उरलेली वहीही खरी मानायची.

इथल्या हवेची मोजमापं

बाहेरचे तक्ते जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. रात्री उठावं लागेल म्हणून ते स्वतःहून पाणी टाळतात आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी आणखी काढतात. तेव्हा उन्हाळ्यात इथल्या आश्रमाचा दर्जा दुपारी तीन वाजता ठरतो: कूलरची हवा कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत पोहोचते का, वीज गेली तर काय, मडकं खिळलेल्या माणसाच्या हाताशी आहे की दाराशी, आणि कुणी दर तासाला दोन घोट पाजतं का. लघवीचा रंग ही मावशींना सहज कळणारी खूण आहे. ती वहीत यायला हवी.

कोळसा आणि राख या परिसराच्या हवेत आहे. खाणीत आणि केंद्रात आयुष्य काढलेल्यांच्या छातीत तीच बसलेली असते. त्यामुळे दम लागलेल्या माणसाला आडवं झोपवायचं नाही, उशांना टेकवून बसवायचं, वाफेचं यंत्र धुऊन ठेवायचं, या गोष्टी इथल्या मावशींना ठाऊक हव्यात.

भाषेचाही दर्जा असतो. जिवतीची गोंडी बोलणारी आजी शहराजवळच्या आश्रमात आली की वेदना कुठे होते हेही तिला सांगता येत नाही. स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेली भाषा आधी जाते, आईची मागे राहते. वसाहतीतले तेलुगू आजोबा चाळीस वर्षं मराठी बोलले, तरी शेवटी नीळ्ळु मागतील. नीळ्ळु म्हणजे पाणी, हे जाणणारं एक माणूस पाळीत असणं हे साधनांच्या यादीत कुठे येत नाही.

आश्रमाबाहेरची खाट

हा आढावा आश्रमांपुरता ठेवला तर तो अर्धा राहील. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीच्या ८६ गावांच्या अभ्यासात मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात निघालं, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. जे मरत नाहीत ते एक बाजू गमावून घरी परततात. धानोऱ्याच्या किंवा सिंदेवाहीच्या खेड्यात लकवा मारलेल्या माणसाचा ‘आश्रम’ म्हणजे पडवीतली खाट, आणि रात्रपाळी म्हणजे सून, जिला पहाटे रोवणीला जायचं असतं. तिथेही पाठ तीच, वजन तेच, गणितही तेच. फक्त तिथे मावशी बदलून येत नाहीत. आश्रमांना मोजायला शिकलो तर तोच चार खुणांचा कागद आशाताई या पडवीपर्यंत नेऊ शकतील.

शेवटी प्रश्न उरतो मोजणाऱ्याचा. समाजकल्याण खात्याकडे त्यासाठी माणसं नाहीत, आणि आपल्या आईला तिथेच ठेवायचं असल्यामुळे नातेवाइकांची बोलायची हिंमत होत नाही. पण ऊर्जानगरजवळ एक भांडवल आहे. संध्याकाळी फिरणाऱ्या या मंडळींनी तीस तीस वर्षं पाळ्या केल्या आहेत. बॉयलरचं तापमान आणि टर्बाइनचा दाब तासातासाला लॉगशीटवर लिहिला आहे. पाळी सुटताना पुढच्याला तोंडी सांगून, वहीवर सही करूनच ते घरी गेले. केंद्राच्या इमारतीला नवा रंग दिला म्हणून संच ठीक चालतो, असं त्यांच्यातल्या कुणी कधी मानलं नाही. आणि खुर्चीतून न उठता भरलेलं रीडिंग कसं दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ओळखता येईल? सगळे आकडे सरळ रेषेत आले की त्यांना शंका येते.

त्यांच्यातल्या चौघांनी महिन्यातून दोनदा, न कळवता, जवळच्या आश्रमात जावं. आतल्या खोलीत जाऊन वही मागावी, तीन नावं निवडावी, सोबत आलेल्या एखाद्या निवृत्त सिस्टरबाईंना पाठ पाहू द्यावी. चहा नंतर घ्यावा. पुढेमागे त्यांच्यापैकी कुणाची खाट तिथेच पडायची आहे, तेव्हा रीडिंग खरं असलेलं त्यांच्याही सोयीचं.